डबीचा डबा

डेपोतल्या हरवले-सापडले खिडकीत बसून मला अठरा वर्षं झाली. माणसं बसमध्ये काय विसरतात याचं आश्चर्य वाटायचं कधीच थांबलंय. छत्र्या, चष्मे, एकदा दातांची कवळी, एकदा एकाच पायातला बूट. तो माणूस घरी कसा पोचला असेल, असा विचार मी नवी होते तेव्हा केला असता. आता रजिस्टरमध्ये 'बूट, एक, डावा, तपकिरी' असं लिहिते आणि फळीवर ठेवून देते.

माझ्या शेजारची खिडकी बरीच वर्षं बंद होती. या वर्षी ती उघडली आणि तिथे माझी नणंद येऊन बसली.

नणंद अडतीस वर्षांची आहे, पण घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून अजून छोटीच. दूरच्या एका गावी बॅटरीच्या कारखान्यात ती तपासनीस होती. तिचं काम एवढंच, की प्रत्येक सेल मापायचा आणि ठरलेल्या रेषेच्या खाली गेला की तो बाद म्हणून शिक्का मारायचा. बाद झालेले सेल मागच्या खड्ड्यात जात. छोटीचं म्हणणं, त्यांतल्या निम्म्यांत निम्म्याहून जास्त जीव असतो. तीन वर्षं तिने हे वरच्यांना सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग एक दिवस ती बिनपगारी रजा टाकून, बाद सेलची दोन पोती रीतसर चिठ्ठी करून घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आमचे हे तेव्हा पायरीवर बसून बूट घालत होते. बहिणीकडे पाहून म्हणाले, "कपडे आणलेत का काही, की नुसतंच भंगार?"

कपड्यांची पिशवी तिने आणली होती, पण ती फारच लहान होती.

दोन महिने आमच्या मागच्या खोलीत खाटखूट चालली आणि त्यातून चाळीस बॅटऱ्या निघाल्या. तळहातावर मावेल अशी पत्र्याची चपटी पेटी, वर चार हिरवे दिवे, बाजूला फोन जोडायची वायर. चारही दिवे पेटले की भरलेली, एकही पेटला नाही की रिकामी. अगदी तळाशी गेली की ती आपली आपणच बंद होते, म्हणजे आतल्या सेलला इजा नाही. छोटीची योजना सोपी होती. आमच्या डेपोतून शहरात जायला बसने दीड तास लागतो. सकाळची माणसं फोनवर तिकीट काढतात, फोनवरच रस्ता बघतात, फोनवरच घरच्यांशी भांडतात आणि संध्याकाळी परतताना फोन मेलेला असतो. त्यांनी सकाळी पास दाखवून बॅटरी न्यायची, संध्याकाळी उतरताना परत द्यायची. आज वीस बाहेर, वीस छपरावर उन्हात चार्ज होणार. उद्या उलट. तारेची वीज एक थेंबही नको, सगळं सूर्यावर.

डेपो मॅनेजरांनी तीस दिवसांची परवानगी दिली. छपरावर दोन सोलर पॅनेल आणि खिडकीत भिंतीवर एक मीटर. पॅनेलमधून बॅटऱ्यांत किती ऊन उतरलं ते मीटर मोजणार. तीस दिवसांत पंधरा युनिट भरले तर खिडकी छोटीची, नाही भरले तर तिथे झेरॉक्सचं मशीन बसणार. मॅनेजर वाईट माणूस नव्हे. त्यांच्याकडे फॉर्म असतो आणि फॉर्ममध्ये रकाना असतो, एवढंच.

आणि खिडकी गेली तर छोटी परत कारखान्यात. तिची जागा त्यांनी महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवली होती, तसं पत्रच आलं होतं. परत गेली असती तर पुन्हा तोच शिक्का आणि तोच खड्डा. ती म्हणायची, "वहिनी, जिवंत माणसांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर सह्या करण्यासारखं आहे ते." हे ती जेवताना म्हणायची, त्यामुळे घास अडकायचा.

आता माझी चूक सांगते.

या सेवेला छोटीने नाव काढलं होतं 'शाश्वत सुवाह्य ऊर्जा सेवा'. मी म्हटलं, बाई गं, हे म्हणून होईपर्यंत बस सुटेल. लोकांच्या तोंडी बसेल असं काहीतरी ठेव. दिसते कशी? डबीसारखी. मग डबीच म्हण. माझं अक्षर चांगलं आहे असं लहानपणापासून सगळे सांगत आल्यामुळे पाटीही मीच रंगवली. पिवळ्यावर निळी, मोठ्या वळणदार अक्षरांत, 'डबी घ्या, डबी द्या'. छोटीने नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला खिडकीपुढे रांग लागली आणि जो तो म्हणत होता, एक डबी द्या हो. मी माझ्या खिडकीतून तिच्याकडे असं पाहिलं, की शब्दाची गरज पडली नाही.

पहिल्या आठवड्यात वीसच्या वीस डब्या रोज जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या चार, फार तर पाच. उरलेल्या दुसऱ्या दिवशी सकाळी, काही तिसऱ्या दिवशी. यायच्या मात्र सगळ्या. एकही हरवली नाही. आणि दोन-तीन सोडल्या तर ज्या यायच्या त्यांचे चारही दिवे पेटलेले असायचे. भरलेल्या डबीत आणखी भरणार काय? छपरावर पॅनेल उन्हात तापत पडलेले आणि भिंतीवरचा मीटर जागचा हलेना.

छोटी दिवसातून तीनदा छपरावर जायला लागली. आधी तिने पॅनेल पुसले. मग कबुतरांवर संशय घेतला. मग मीटर बदलला. नवा मीटरही तेवढाच दाखवायला लागला तेव्हा ती माझ्या खिडकीत येऊन, हरवलेल्या छत्र्यांना टेकून बसली. तिचा निष्कर्ष असा होता, की लोक डबी नेतात पण वापरत नाहीत. कौतुक म्हणून नेतात, दोन दिवस पिशवीत फिरवतात आणि जशीच्या तशी आणून देतात. म्हणजे लोकांना गरजच नाही. म्हणजे तिचं सगळं गणित पायातच चुकलं.

मी म्हटलं, नसेल गं तसं. पण मला दुसरं कारणही सुचलं नाही. माणसं काय विसरतात ते मला कळतं. ज्या वस्तू ती आठवणीने परत आणतात त्यांच्याशी माझा संबंध कधी आला नव्हता.

पंधराव्या दिवशी छोटी वायर आणायला बाजारात गेली होती आणि तिची खिडकी मी सांभाळत होते. इस्पितळातली एक परिचारिका आली. रोजची, सहाच्या बसची. परवा नेलेली डबी तिने दोन्ही हातांनी पुढे केली आणि ओशाळून म्हणाली, की काल द्यायची होती, पण काल घरी लाइट गेली होती, त्यामुळे भरता आली नाही. रिकामी कशी आणून द्यायची? म्हणून एक दिवस ठेवून घेतली, आज पूर्ण भरून आणली आहे, राग मानू नका.

मी तिला म्हटलं, राग कसला, चांगल्या घरातली दिसतेस.

आणि रजिस्टरमध्ये 'आली' असं लिहून मी पुढच्या माणसाकडे वळले. खरं सांगते, माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही. शेजारणीने वाटी दिली तर ती रिकामी परत धाडायची नसते, हे मला कोणी शिकवल्याचंसुद्धा आठवत नाही. ते नाकासारखं आहे, जन्मापासून तिथेच असतं. डबी नेली, वापरली, भरून परत दिली. यात सांगण्यासारखं काय होतं?

तरी रात्री जेवताना, बोलायला काही नव्हतं म्हणून, मी ते सांगितलं. छोटीचा हात ताटावर थांबला.

"परत सांग," ती म्हणाली. "ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं. छोटीने ताट बाजूला सारलं.

"म्हणजे सगळे घरी नेऊन तारेवर चार्ज करतायत. माझी सूर्यावर चालणारी सेवा माझेच ग्राहक स्वतःच्या विजेवर चालवतायत. आणि तू तिला काय म्हणालीस?"

"चांगल्या घरातली दिसतेस म्हणाले."

ह्यांना ठसका लागला. बराच वेळ थांबेना. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी बहिणीला समजावलं, की बघ, म्हणजे लोकांना गरज आहे, तुझं गणित बरोबर आहे, फक्त माणसं जरा जास्त सभ्य निघाली. छोटी रजिस्टर घेऊन बसली. रोज संध्याकाळी वेळेवर आणि रिकामी डबी परत देणारी माणसं तिने शोधून काढली. तिघंच होती. एक जण 'घे गं' म्हणून लांबूनच फेकायचा, एक कधी नजर वर करून बोलत नसे आणि तिसरा रांगेत घुसणारा. मीटरवर जे काही थोडंफार दिसत होतं ते या तिघांच्या जिवावर. पृथ्वी वाचवायचं काम आमच्या डेपोत फक्त उद्धट माणसं करत होती.

दुसऱ्या दिवशी छोटीने टाइप केलेला कागद खिडकीवर चिकटवला. 'ग्राहकांना विनंती की बॅटरी चार्ज न करता, रिकामीच परत करावी.' मला वाटलं, संपलं. शहाण्याला शब्दाचा मार. पण लोकांनी तो कागद वाचला, मान डोलावली आणि डब्या भरूनच आणल्या. मी एका शिक्षकांना विचारलं, सर, कागद वाचलात ना? ते प्रेमळपणे हसले. म्हणाले, तुम्ही म्हणणारच हो तसं, पण आपल्याला कळायला नको का? घरी बोलावताना 'येताना काही आणू नका हं' म्हणतात, म्हणून कोणी हात हलवत जातं का? एका आजीबाईंनी तर कागद लागल्यानंतर डबी मऊ कापडाने पुसूनही आणायला सुरुवात केली.

चार दिवस असेच गेले. मीटरवर जेमतेम एक युनिट. छोटी आता छपरावरही जाईना. कारखान्याचं पत्र तिने घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं ते बाहेर काढलं आणि आरशाच्या फटीत खोचलं. मागच्या खोलीतली हत्यारं आपापल्या डबड्यात जायला लागली. मला ते आवडलं नाही. सुरुवातीला त्या खोलीतल्या खाटखुटीने माझं डोकं उठायचं हे खरं. पण सवय ही अशी चोरपावलांनी येते, की ती आल्याचं कळतं ते जायची वेळ झाल्यावर.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी हे कामावरून आले. ते डेपोच्याच टायरखात्यात आहेत. त्यांचा जेवणाचा डबा घासायला घ्यावा म्हणून मी उघडला, तर अर्धी भाजी तशीच.

"डबा उरवून आणलात?" मी म्हटलं. "पहाटे उठून करते ती कोणासाठी?"

ते पन्नाशीचे गृहस्थ, हाताखाली सहा माणसं, पण चेहरा असा झाला की जणू पाटीवरची बेरीज चुकली. म्हणाले, अगं, आज वेळच झाला नाही. उद्या संपवून आणतो.

उघडा डबा हातात तसाच धरून मी मागच्या खोलीच्या दारात गेले. छोटी पेटी बांधत होती. मी तिला म्हटलं, चूक तुझ्या गणितात नाही गं, माझ्या पाटीत आहे. डबी शेजाऱ्याची असते, ती भरून द्यावी लागते. डबा घरचा असतो, तो संपवून आणावा लागतो. भरलेला आणला तर बोलणी बसतात.

ती माझ्याकडे, मग भाजीकडे बघत राहिली. मग म्हणाली, एका अक्षराने काय होणार वहिनी? मी म्हटलं, अक्षराने नाही, वेलांटीने.

सकाळी उजाडताच आम्ही पाटीपाशी. चिंधीला टर्पेंटाइन लावलं आणि 'डबी'च्या डोक्यावरची कमान पुसून टाकली, दोन्ही ठिकाणी. खाली उभी काठी उरली तो काना झाला. डबा घ्या, डबा द्या. छोटीने आपला टाइप केलेला कागद काढला आणि त्या जागी मी ब्रशने चार शब्द लिहिले, 'संपवून आणावा. उरवू नये.'

नुसत्या पाटीवर मी विसंबले नाही. संध्याकाळी छोटीला माझ्या खिडकीत बसवलं आणि तिच्या खिडकीत मी बसले. शिक्षक आले, चार दिवे पेटलेला डबा पुढे केला. मी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हटलं, "सर, काहीच खाल्लं नाहीत? सगळा तसाच आणलात."

शिक्षक गोंधळले. मागे रांग. ते हळूच म्हणाले, उद्या संपवतो. परिचारिकेला मी दोन दिव्यांबद्दल विचारलं, हे कोणासाठी ठेवलंस? ती म्हणाली, अहो, फोन भरला माझा, आणखी कुठे घालू? मी म्हटलं, बसमध्ये शेजारी कोणी असेलच की उपाशी.

ते मी आपलं सहज बोलून गेले. पण तीन दिवसांत परतीच्या बसचा रंगच बदलला. कंडक्टर येऊन सांगू लागला, की माणसं सीटवरून मागे वळून विचारतायत, तुमचा फोन किती टक्क्यांवर आहे हो, जरा लावा ना, माझा अजून एक दिवा उरलाय आणि खिडकीतली बाई बोलते. वर्षानुवर्षं एका बसने जाणारी आणि एकमेकांच्या टकलापलीकडे काही माहीत नसलेली माणसं एका वायरला बांधली जाऊन दीड तास बसायला लागली. बांधलेली माणसं बोलणारच. आजीबाईंनी अशाने भाच्यासाठी एक स्थळही बघून ठेवलं.

संध्याकाळी सातपर्यंत वीसच्या वीस डबे परत. रिकामे. दुसऱ्या दिवशी ते वीसही छपरावर. मीटर पळायला लागला. छोटी दर तासाला आकडा ओरडून सांगायची आणि मी माझ्या खिडकीतून 'बरं' म्हणायचे. तिघं उद्धट तेवढे नाराज झाले. एवढे दिवस आपण बरोबर वागत होतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पण दिवस दहा-अकराच उरले होते आणि त्यातला एक ढगाळ गेला. तिसाव्या दिवशी सकाळी मॅनेजर फॉर्म घेऊन आले तेव्हा मीटरवर आठ युनिट होते. हवे होते पंधरा.

त्यांनी चष्मा वर करून आकडा पुन्हा वाचला. पहिल्या एकोणीस दिवसांत एकच युनिट कसं, हे त्यांना रकान्यात लिहायचं होतं. कारण काय लिहू, त्यांनी विचारलं. मी मध्येच म्हणाले, तांत्रिक अडचण लिहा साहेब, सगळे तेच लिहितात. छोटीने माझा हात दाबला.

"तांत्रिक काही नव्हतं," ती म्हणाली. "यंत्र पहिल्या दिवसापासून नीट होतं. नाव चुकलं होतं. विसाव्या दिवशी दुरुस्त केलं."

मला वाटलं, झालं. खरं बोलण्याची हौस हिची, झेरॉक्सचं मशीन आमच्या नशिबी. पण मॅनेजरांचं पेन कागदावर थांबलं.

"नावात चूक होती?" ते म्हणाले. "म्हणजे अर्जात एक नाव आणि नंतर दुसरं?"

"पाटीवर डबी होतं. आता डबा आहे."

ते स्वतः बाहेर जाऊन पाटी बघून आले. आत येऊन खुर्चीवर बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, पाण्यात सोडलेल्या माशाच्या चेहऱ्यावर असावं तसं काहीतरी होतं. नावातली दुरुस्ती म्हणजे त्यांचा हातखंडा. बत्तीस वर्षं त्यांनी पासावरची नावं दुरुस्त केली होती. नियम असा, त्यांनी समजावलं, की नावात चूक असेल तर मुदत दुरुस्तीच्या तारखेपासून धरायची. आधीचे दिवस धरायचेच नाहीत. म्हणजे आज तिसावा दिवस नाही, आज अकरावा. एकोणीस दिवस बाकी आहेत. त्यांनी रकान्यात 'नावात चूक, दुरुस्त केली' असं लिहिलं, खाली तारीख, सही, आणि आधीचं एक युनिट मात्र नियमाप्रमाणे वजा केलं.

ते गेल्यावर छोटीने पाटीमागच्या भिंतीवर पेन्सिलने हिशेब मांडला. अकरा दिवसांत सात युनिट. एकोणीस दिवसांत आठ हवेत. ऊन राहिलं तर आरामात होतात. आठवडाभर ढग बसले तर कठीण.

आणि कारखान्याला कळवायची मुदत आजचीच होती. त्या कारखान्याला नावातल्या दुरुस्तीचं काही सोयरसुतक नव्हतं.

ती छपराच्या शिडीच्या खालच्या पायरीवर फोन घेऊन बसली. मी माझ्या फळीवरच्या छत्र्या उगाच इकडच्या तिकडे करत होते. काही सांगावं असं फार वाटत होतं, पण मी सांगितलं असतं ते माझ्या सोयीचं झालं असतं. म्हणून गप्प बसले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आहेत.

तिचं टाइप करणं पाच मिनिटांत संपलं. फोन खिशात टाकून ती उठली, कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि शिडी चढायला लागली. मी धावत जाऊन शिडी धरली.

"कळवलंस?"

"कळवलं."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं की येत नाही. इथे काम आहे." दोन पायऱ्या वर जाऊन ती पुन्हा बोलली. "आणि विचारलं, की बाद सेल खड्ड्यात टाकण्याऐवजी इकडे पाठवता येतील का. येणार नाही असं सांगितल्यावर लगेच मागू नये म्हणतात, पण मी मागून टाकलं."

वर तिने पॅनेल पुसायला घेतले. धूळ माझ्या केसांत पडत होती. तेवढ्यात खिडकीवर कोणीतरी टकटक केली. नवा माणूस होता, पाटी वाचून विचारत होता, की डबा म्हणजे नक्की काय मिळतं इथे, पोळी-भाजी का? मी शिडी धरून तिथूनच त्याला थांबायला सांगितलं.

"जा वहिनी," छोटी वरून म्हणाली. "शिडी पक्की आहे."

मी गेले. त्या माणसाला डबा कसा वापरायचा ते समजावताना मान मात्र सारखी छपराकडे वळत होती. त्याला वाटलं, मी ऊन बघतेय.